टायरचं जावळ

"रस्ता तुमी खाल्ला, आन् टायर आमचं बघताय?"

हे वाल्मीक ओव्हाळ पिकअपमधून खाली उतरून, गाडी अडवलेल्या आरटीओ साहेबाच्या तोंडासमोर उभा राहून बोलला. साहेबाने मागच्या टायरला बुटाची टोच मारली होती. एकदा मारून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा मारली, पडलेलं जनावर खरंच मेलंय का ते बघावं तशी.

टायर गोटा झाले होते, यात खोटं काही नव्हतं. हात फिरवला तर नदीतला धोंडा हाताला लागावा तसे गुळगुळीत. पण ते कुणी सांगावं?

"आवाज खाली," साहेब म्हणाला. "रस्त्याचं खातं वेगळं, आमचं वेगळं."

"खाती वायली हायेत. तोंड एकच हाय."

मागे थांबलेल्या दुधाच्या टेम्पोतून कुणीतरी हसलं. साहेबाचे कान लाल झाले. त्याने पिकअपचा फोटो काढला, मग टायरचा काढला, आणि मोबाइल खिशात ठेवत म्हणाला, "पाऊस पडायच्या आत टायर बदल. पुन्हा असा दिसलास तर गाडी जमा करीन. माणसं मरतात अशा टायरनं."

माणसं मरतात, हे ऐकून केबिनमध्ये बसलेली फुलाबाई हळूच खिडकीतून बाहेर बघायला लागली. गवळदांडावरच्या धनगरवाड्यातली ती म्हातारी. मांडीवर गूळ-खोबऱ्याची पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. साहेबाकडे ती बघत राहिली, पण बोलली वाल्मीकशी.

"वाल्मिका, चल बाबा. लांडग्याशी भांडून शेरडाचं पोट भरत न्हाई."

वाल्मीकने दार असं आपटलं की डॅशबोर्डवरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो वाकडा झाला. त्याने तो आधी सरळ केला आणि मग किल्ली फिरवली.

"टायर घ्यायचंच आज," फुलाबाई म्हणाली. "गंगूचं दिवस भरत आल्यात."

"म्हाईत हाय, मावशी."

"तुला म्हाईत हाय म्हनूनच सांगतीया."

गंगू तिची सून.

---

गवळदांड धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पाठीवर आहे. डांबरी रस्ता पायथ्याला संपतो. तिथे एक फलक आहे. त्यावर वरच्या रस्त्याची लांबी आहे, खर्च आहे, काम पूर्ण झाल्याची तारीख आहे, आणि कोणाच्या शुभहस्ते झालं त्याचं नाव आहे. त्या सगळ्या कामात पक्कं काय झालं असेल तर तो फलक. त्याच्या पुढे लाल माती. उन्हाळ्यात ती पिठासारखी उडते आणि पावसात लोण्यासारखी सुटते. शहरातल्या लोकांना ती फोटोत फार आवडते. शनिवार-रविवारी मोठाल्या गाड्या घेऊन ते चिखल उडवायला येतात, रस्ता नांगरून ठेवतात आणि रिसॉर्टवर जाऊन गरम पाण्याने अंघोळ करतात.

वाल्मीकची पिकअप त्याच मातीतून जुनी झाली. धनगरांच्या दुधाच्या किटल्या, गिरणीला जाणारं भात, रिसॉर्टच्या चादरींची गाठोडी, जे असेल ते तिने वाहिलं. पावसाळ्यात मात्र रिकामी गाडी वर चढत नाही. मागे वजन नसलं की मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात आणि गाडी आडवी होते. म्हणून तिकडे एक रीत पडली आहे. गाडी फलकाशी आली की वाल्मीक काच खाली करून ओरडतो, "वजनाला बसा रं!" मग ज्याला वर जायचं तो बसतोच, पण ज्याला जायचं नाही तोही बसतो. लावणीवरून आलेल्या बाया बसतात. फुलाबाईचा नवरा कोंडीबा तर नेमका मागच्या चाकांच्या आसावर बसतो, आणि गाडी नीट चढली की म्हणतो, "बघा, सरकारपेक्षा माजं वजन जास्त हाय." कुणी त्याचे आभार मानत नाही आणि तोही वाट बघत नाही. वजनाला बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीला विस्तव देण्यासारखं.

गेल्या आषाढात गंगूला आधीच्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा पिकअप गॅरेजात उघडी पडली होती. आरोग्य केंद्रावर फोन गेला. रुग्णवाहिका निघाली, असं उत्तर आलं. आणि ती खरंच निघाली, फलकापर्यंत आली आणि उभी राहिली. वरची माणसं वाट बघत बसली. शेवटी कोंडीबा भिजत खाली पळत आला. वाल्मीकही गॅरेजातून कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागे बसून तिथे पोचला.

रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर प्रमोद काच अर्धी खाली करून म्हणाला, "टायर गोटा झालेत माझे. नवे मागितलेत, वरून येत नाहीत. अशा टायरवर चढवली तर गाडी पेशंटसकट दरीत जाईल."

कोंडीबाने काठी उचलली होती. ती धरली वाल्मीकने.

"टायर न्हाईत तर त्यानं काय करायचं, कोंडीबा? ड्रायव्हरचा गुन्हा न्हाई ह्यो."

ड्रायव्हरने ड्रायव्हरच्या शब्दावर वाकून टायर बघायचा नसतो. तो अपमान असतो. आपल्याकडे जेवायला बसलेल्या माणसाचं ताट उचलून खाली काही सांडलंय का बघावं, तसा. वाल्मीकने बघितलं नाही. उलट वर जाऊन, अंगणात थांबलेल्या सगळ्या वाडीला त्यानेच सांगितलं, की गाडी यायची नाही, टायर नाहीत. वाल्मीक सांगतोय म्हटल्यावर वाडीने पुढे विचारलं नाही. टायरमधलं त्याच्याइतकं कळणार कोणाला?

गंगूला झोळीत घालून उतरवली. मधल्या वळणावर, एका कातळाच्या आडोशाला, झोळी खाली ठेवावी लागली. पोर झालं. फुलाबाईने त्याला पालथं केलं, पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर घातली. पोर रडलं नाही. त्याच्या डोक्यावर मात्र दाट, काळंभोर जावळ होतं.

---

आबाचं टायरचं दुकान पौड रस्त्याला, नव्या इमारतींच्या कुंपणाला टेकून आहे. बाहेर टायरांच्या चळती, आत हवेच्या यंत्राचा फटफटाट. भिंतीवर एका कंपनीचं मोठं चित्र लावलेलं. त्यात एक लालभडक परदेशी पिकअप पांढऱ्याशुभ्र रानातून चालली होती.

"मीठ हाय का रं त्ये?" फुलाबाईने विचारलं.

"बर्फ, आजी. त्या टायरची जाहिरात आहे. बर्फात घसरत नाही म्हणे."

"बर्फाला काय हुतंय," वाल्मीक म्हणाला. "आमची लाल माती दाखव म्हनावं त्येला. हितंच कान धरंल."

आबा हसला. वाल्मीकचा चेहरा बघून त्याने लगेच हसू आवरलं. "कुणाशी वाजलं?"

"रोजचंच. मागचं दोन टायर दाखव. आन् नवं दाखवू नको, नव्याची किंमत मला म्हाईत हाय."

आबाने तरी नवाच दाखवला, धंद्याची सवय. वाल्मीकने त्याकडे, लग्नात दुसऱ्याच्या पोरीचे दागिने बघावेत तसं बघितलं आणि पुढे सरकला.

मग निघाले रबर चढवलेले टायर. जुन्या टायरवर नवी कातडी चिकटवलेली. किंमत बरी होती. वाल्मीकने कडेला अंगठ्याचं नख घालून बघितलं.

"पापुद्रा सुटतो ह्येचा. चढावर चाक फिरलं, तापलं, की साल निघाली."

"हळू चालव मग."

"हळूच चालवतो रं. पन मागं बाईमानूस झोपलेलं असतं तवा हळू चालवायचं का लवकर पोचायचं, त्ये तू सांग."

आबाने मारुंजीकडून आलेले दोन रुंद टायर पुढे लोटले. कुठल्यातरी आयटीवाल्याच्या गाडीचे, चांगल्या स्थितीतले, चकाचक. वाल्मीकने मान हलवली. बारीक बारीक रेघांचे टायर. गुळगुळीत रस्त्यावर ते पळतात, पण चिखलाचा पहिला घास घेतला की रेघा भरतात आणि पुन्हा गोट्याचा गोटा. आणि मापही बसत नव्हतं.

"मला गुट्टीचं पायजेत आबा. मोठ्या दातांचं. माती थुकून टाकनारं."

"तसं सांग की." आबा मागच्या बाजूला गेला, ताडपत्री ओढली. "हे बघ. तुझ्याच मापाचे. नशीब काढलंस. परवाच आलेत, अजून कुणाला दाखवले नाहीत."

दोन टायर उभे होते. गुट्टी उभीच्या उभी, दात जसेच्या तसे. वाल्मीक उकिडवा बसला. तळहात फिरवला. मधल्या पट्ट्यावर थोडी डांबराची घासण होती, एवढंच. त्याचा हात कडेला गेला आणि थांबला. कडेला, खाचाखाचांतून, रबराचे बारीक केस उभे होते. साच्यातून निघताना येतात ते. नवा टायर पहिल्यांदा चिखलात, दगडात गेला की हे कडेचे केस सगळ्यात आधी झडतात.

"ह्येला तर जावळ हाय अजून," फुलाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. तिने बोटाने ते केस कुरवाळले. तिच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं होतं. "कोरं करकरीत हायेत की रं! आन् जुन्याच्या भावात?"

"कोरेच म्हणा," आबा म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मीच बसवले होते, आणि परवा मीच काढले. गाडी उभीच असते त्यांची. चालली तर डांबरावर, ते पण बाजारापर्यंत. मी म्हटलं त्यांना, कशाला बदलताय? तर म्हणतात, मागणी गेली होती, मंजूर होऊन आली, आता बदलायलाच पाहिजेत."

"कुनाची गाडी?" वाल्मीकने विचारलं. विचारताना त्याने वर बघितलं नाही.

"केंद्राची. रुग्णवाहिका. तुमच्याच बाजूला येते ना ती?"

हवेचं यंत्र आपोआप बंद पडलं. बाहेर एक सिमेंटची गाडी गुरगुरत गेली.

वाल्मीक बसल्या जागेवरून उठला नाही. त्याने कडेचा एक केस चिमटीत धरला, ओढला. तो लांबला, तुटला नाही. त्याने सोडून दिला. पुन्हा धरला. कोंडीबाची काठी धरलेला तोच हा हात.

फुलाबाईने बोट मागे घेतलं. हळूहळू, चटका बसावा आणि तो उशिरा कळावा तसं.

"त्याच टायमाला हुतं का हे?" तिने विचारलं. "त्या गाडीला? आषाढात?"

वाल्मीकने होकाराची मान हलवली.

"मंग गोटा झाल्यात म्हनला ना त्यो?"

"म्हनला."

"आन् तू बी म्हनलास."

"व्हय मावशी. मी बी म्हनलो. मी वाकून बघितलं न्हाई."

फुलाबाईने डोक्यावरचा पदर मागे घेतला, झटकला, पुन्हा नीट डोक्यावर घेतला. आबा एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. आपण काहीतरी भलतंच विकायला काढलंय एवढं त्याला कळलं. त्याने ताडपत्री पुन्हा ओढायला हात घातला.

"नको असतील तर राहू देत, वाल्मीक. रबर चढवलेले घे. मी भाव कमी करतो."

"हे न्हाई घ्यायचं," वाल्मीक उठत म्हणाला. "हे टायर माझ्या गाडीला लागायचं न्हाईत. जाळून टाक."

"का?" फुलाबाई म्हणाली.

"का म्हंजी?"

"रबराचा काय गुन्हा? त्येला कुनी वर न्हेलंच न्हाई. त्येनं काय करावं?" ती पुन्हा वाकली आणि टायरला तळहात लावला, जनावराच्या पाठीला लावावा तसा. "चांगलं हायेत नव्हं? माती थुकत्यात नव्हं? मंग घे. गंगू ह्याच्यावरच खाली येनार."

आबाने सुस्कारा टाकला, पहार आणि जॅक घेऊन पिकअपकडे निघाला. वाल्मीकने त्याला थांबवलं.

"बसवू नको."

"अरे, मग काय डोक्यावर नेणार?"

"पहार लागली की कडंचं जावळ जाईल. तसंच टाक मागं. उद्या येतो बसवायला."

"उद्या परत येशील? त्या गोट्यावर?"

"येईन. आज मला हे कुनालातरी दाखवायचं हायेत."

टायर मागच्या हौद्यात आडवे टाकले. फुलाबाई केबिनमध्ये बसली नाही. ती मागे चढली, दोन टायरांच्या मध्ये बसली आणि एकेका टायरवर एकेक हात ठेवला.

---

केंद्राच्या आवारात रुग्णवाहिका पत्र्याच्या शेडखाली उभी होती. पांढरी, धुतलेली. खाली नवे काळे टायर. प्रमोद शेडच्या खांबाला टेकून मोबाइल बघत होता. वाल्मीकची पिकअप आत शिरलेली बघून त्याने हात वर केला.

"या वाल्मीकदादा. काय, आज इकडं?"

वाल्मीकने हौद्याची फळी पाडली. एक टायर खाली घेतला, फरशीवरून ढकलत आणला आणि प्रमोदच्या पायाशी धरला.

"वळखतोस?"

प्रमोदने टायरकडे बघितलं, मग वर वाल्मीककडे. त्याने मोबाइल खिशात घातला.

"हात लाव," वाल्मीक म्हणाला. "लाव की. गोटा हाय का सांग."

"दादा, ऐका…"

"तुझ्यापायी मी कोंडीबाची काठी धरली, प्रमोद. सगळ्या वाडीला तोंड वर करून सांगितलं मी, ड्रायव्हरचा गुन्हा न्हाई. ड्रायव्हर हायेस म्हनून. दुसरा कुनी असता तर बॅटरी घिऊन खाली शिरलो असतो."

प्रमोदने इकडे-तिकडे बघितलं. आवाज खाली आणला. "मला तसं बोलायला सांगितलं होतं. वर गाडी अडकली तर भरपाई माझ्या पगारातून कापू म्हणाले. टायरचं कारण सांग, म्हणजे कुणी वाद घालत नाही. दादा, मला पण लेकरं आहेत."

"कुनी सांगितलं?"

प्रमोदची नजर तेवढी दाराकडे गेली.

दारात केंद्राचा साहेब उभा होता. हा सकाळचा साहेब नव्हे, पण वाल्मीकला क्षणभर तोच वाटला. तसाच इस्त्रीचा शर्ट, तसंच खिशाला पेन. हातात चहाचा कप. आतून दोन नर्सबाया डोकावत होत्या.

"काय आरडाओरडा आहे? पेशंट आहेत आत."

"वर बी पेशंट हायेत," वाल्मीक म्हणाला. "गेल्या आषाढात ह्या टायरवर गाडी वर का न्हाई आली?"

साहेबाने टायर बघितला. त्याला त्यात काही दिसलं नाही. त्याच्यासाठी तो एक टायर होता. "हे बघा, तुमच्याकडचा रस्ता गाडी जाण्यासारखा नाही. रस्ता आमच्याकडे येत नाही. त्याचं खातं वेगळं."

"माझी पिकअप रोज जाते वर. गोट्या टायरवर. साहेब, ह्ये बघा," आणि वाल्मीकने आपल्या गाडीच्या मागच्या चाकाला लाथ मारली, सकाळच्या साहेबाने मारली होती तशीच. "ह्याच्यावर जाते!"

"तुमच्या गाडीत माल असतो. आमची मागून हलकी. रिकामी गाडी चढावर घसरते, मागची चाकं फिरतात. तांत्रिक बाब आहे ती, तुम्हाला नाही कळायची."

वाल्मीकच्या हातातला टायर कलंडला, तो त्याने गुडघ्याने अडवला.

तेवढ्यात मागे दार उघडल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं. फुलाबाईने रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं होतं. पायरीवर पाय ठेवून, पत्र्याला धरून ती वर चढली. झोपायच्या बाकावर ती बसली नाही. खाली फतकल मारून बसली, नेमकी मागच्या आसावर, कोंडीबा बसतो तिथे. गूळ-खोबऱ्याची पिशवी मांडीवर घेतली.

"आजी, उतरा खाली," साहेब म्हणाला. "सरकारी गाडी आहे ती."

फुलाबाईने आवाज चढवला नाही. धुण्याच्या दगडावर शेजारणीशी बोलावं तशी ती बोलली.

"गेल्या सालाला टायर न्हाईत म्हनलात. आता नवं हायेत. त्येचं बी जावळ तसंच हाय, बघून आले मी. आज म्हनता गाडी हलकी हाय, घसरती. मंग ही मी बसले वजनाला. आमचं मालक बसतील. सगळा दांड खाली यिऊन बसंल, तुमी फकस्त फलकापातूर आना. माझ्या सुनंचं दिवस भरत आल्यात साहेब, पाऊस बी आलाच. टायर हायेत, वजन हाय. आता कारन काय ऱ्हायलं? त्ये सांगा."